ग्रुप काढावा की एकेकाला एसएमएस? पोरांची सिगारेट सुटावी म्हणून

पोरांना सिगारेटपासून लांब ठेवायला मोबाइलवरून काही करायचं म्हटलं की आधी हाच प्रश्न येतो: व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप काढू की एकेकाला साधे एसएमएस पाठवू? मी दोन्ही करून पाहिलंय. मी धावण्याचा सराव घेतो. येणारी मुलं-मुली सतरा ते बावीस वयाची, त्यातली अकरा जण ओढणारी. अकरा जणांवरून सिद्धांत मांडू नये हे मलाही कळतं, तेव्हा पुढचं सगळं त्या बेतानेच घ्या.

सिगारेट सोडवणाऱ्या अ‍ॅपचा पर्याय मी लगेच बाजूला ठेवला. ज्याचा निश्चय पक्का आहे तो अ‍ॅप उघडतो. ज्याचा आज जरा ढिला पडलाय तो उघडत नाही, आणि मदत नेमकी त्यालाच हवी असते.

ग्रुपची सुरुवात मात्र झकास होते, हे मान्य करायला हवं. कुणी चुरगाळलेल्या पाकिटाचा फोटो टाकतो, कुणी दिवस मोजतो. रात्री अकराला एकाने 'जाम तलफ आलीये' लिहिलं तर दोन मिनिटांत तिघांची उत्तरं: पाणी पी, चक्कर मारून ये, पाच मिनिटं काढ. तलफेचा जोर बहुतेक वेळा काही मिनिटांतच ओसरतो, त्यामुळे तेवढा वेळ कुणी बोलत राहिलं तरी पुरतं. एकट्या माणसाला एसएमएसवरून हे इतक्या चपळाईने जमत नाही.

मग अंगठे सुरू झाले.

रोज रात्री मी विचारायचो, 'आज कसं?' आणि खाली नुसते अंगठे. तिसऱ्या आठवड्यात अकराच्या अकरा उभे. मी खूश. सरावात मात्र चारशे मीटरच्या तिसऱ्याच फेरीला दोघं कमरेवर हात ठेवून धापा टाकत होते. त्यातल्या एकाचा त्या रात्री वेगळा मेसेज आला: 'सर, ग्रुपवर नका सांगू, काल चार झाल्या.' ग्रुपवर त्याचा अंगठा होताच. आठवडाभरात आणखी तिघांनी असंच खासगीत कळवलं. म्हणजे ग्रुपवर मला सगळं कळत होतं, फक्त जे कळायला हवं ते सोडून. या वयात दोस्तांसमोर 'जमलं नाही' म्हणणं किती जड जातं हे मी विसरलोच होतो. शिवाय (हे मला फार उशिरा समजलं) कोण कोण ओढतं ते ग्रुपमुळे सगळ्यांना ठाऊक झालं, आणि दोघांना त्यातून ओढायला नवीन जोडीदार मिळाला!

मी एसएमएसकडे वळलो ते या अंगठ्यांना वैतागून. अभ्यास नंतर वाचले, पण त्यांनी धीर दिला. न्यूझीलंडमधला २००५ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास १,७०५ जणांवरचा, बहुतांश तरुण. ६ आठवड्यांनी एसएमएस मिळणाऱ्यांपैकी २८ टक्क्यांनी सिगारेट सोडल्याचं सांगितलं, इतरांत १३ टक्क्यांनी. इथे 'सांगितलं' हा शब्द महत्त्वाचा. अंगठ्यांचा अनुभव घेतलेल्या माणसाला तो खटकणारच. ब्रिटनमधल्या ५,८०० जणांच्या एसएमएसच्याच अभ्यासात ('लॅन्सेट' हे वैद्यकीय नियतकालिक, २०११) मात्र नुसत्या शब्दावर विश्वास न ठेवता तपासणी केली होती. ६ महिन्यांनी एसएमएस मिळणाऱ्यांपैकी १०.७ टक्क्यांची सुटलेली, इतरांत ४.९ टक्क्यांची. दुप्पट म्हणा, पण दहातल्या जवळपास नऊ जणांची सुटली नाही हेही त्यातच आलं. आणि दोन्ही अभ्यास सोडू पाहणाऱ्यांवरचे आहेत. ज्यांनी अजून सुरूच केली नाही त्यांच्यासाठी हे आकडे वापरू नयेत.

ब्रिटनच्या त्या योजनेतली एक गोष्ट मी सरळ उचलली. तलफ आली किंवा हातून सिगारेट ओढली गेली, तर ठरलेला एक शब्द पाठवायचा, की लगेच आधाराचा निरोप येतो. आमच्याकडे 'तलफ' आणि 'घसरलो' असे दोन शब्द ठरले. मुली अर्थातच 'घसरले' लिहितात. पहिल्याच आठवड्यात पाच जणांनी हा दुसरा शब्द पाठवला. ग्रुपवर तीन आठवड्यांत तो एकदाही आला नव्हता.

एसएमएसची कटकट नाही असं नाही. देवनागरीत एका एसएमएसमध्ये ७० चिन्हं मावतात, रोमनमध्ये १६०. काना-मात्राही वेगळ्या मोजल्या जातात, म्हणजे 'सिगारेट' एवढ्यालाच सात गेली. पण लांबण लावायची माझी सवय त्यामुळेच मोडली. आधी मी फुप्फुसांवर प्रवचन द्यायचो, आता 'उद्या ८०० मीटर. दम राखून ठेव.' एवढंच. दुसरं म्हणजे फोन लॉक असला तरी निरोप पडद्यावर दिसतो आणि शेजारी आई बसलेली असते. म्हणून निरोपात सिगारेट हा शब्दच मी टाळतो. एकीने वेळेबद्दल तक्रार केली: 'सर, चारला आठवणसुद्धा नव्हती, तुमच्या मेसेजने आली.' आता ज्याने त्याने आपली वेळ स्वतः सांगायची. आणि हे सगळं हाताने पाठवायचं तर वीस-पंचवीस जणांपुढे निभत नाही, झोपेचं खोबरं होतं.

ग्रुपला अगदीच निकालात काढू नका. हाँगकाँगमध्ये नुकतीच सिगारेट सोडलेल्यांना व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये घेतलं, तेव्हा दोन महिन्यांपर्यंत त्यांच्यात पुन्हा ओढायला लागणारे कमी निघाले. पण त्यांनी आधीच सोडलेली होती. तुमच्याकडची मुलं तिथवर आली असतील तर कदाचित ग्रुपच बरा. अजून आज सोडली, उद्या ओढली असं चाललं असेल, तर मी तरी एकेकालाच लिहीन.

आमचा ग्रुप अजून आहे, पण सरावाच्या वेळा कळवण्यापुरता. 'उद्या सहाला' लिहिलं की अकरा अंगठे येतात, आणि उद्या सहाला सात जण.