१९७८ची फेंडर प्रिसिजन बास : काही महिन्यांच्या वापरानंतर, मुख्यतः किमतीविषयी

फेंडर कंपनीची १९७८ सालची प्रिसिजन बास गिटार मी गेल्या हिवाळ्याच्या तोंडावर पेनसिल्व्हेनियातील एका निवृत्त वादकाकडून २,००० डॉलरला विकत घेतली. तेव्हापासून ती न्यू जर्सीतल्या माझ्या घरी रोजच्या सरावात आणि आमच्या मंडळाच्या कार्यक्रमांत नियमित वाजते आहे. या अनुभवात आवाजापेक्षा किमतीबद्दल अधिक लिहिणार आहे, कारण जुन्या बास गिटारीचा विषय निघाला की ओळखीचे वादक पहिल्यांदा हेच विचारतात की मागितलेली किंमत रास्त आहे हे ओळखायचे कसे. माझ्या मते नुसत्या सालावरून किंवा मॉडेलच्या नावावरून ते कधीच ओळखता येत नाही. रास्त किंमत समोरच्या त्या एका नगाची असते, आणि त्यातले किती भाग मूळचे आहेत व तो नग नीट वाजता करायला किती खर्च येईल, या दोन गोष्टी स्वतंत्रपणे मोजल्याशिवाय ती हाती लागत नाही.

सालाला महत्त्व नाही असे मात्र नाही. लिओ फेंडर यांनी कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे १९५१मध्ये प्रिसिजन बास बाजारात आणली, १९५७मध्ये तिला आजचा दोन तुकड्यांचा पिकअप (तारांचे कंपन विजेच्या संकेतात बदलणारा भाग) मिळाला, १९६०मध्ये फेंडरचीच जॅझ बास आली आणि जानेवारी १९६५मध्ये सीबीएस या कंपनीने फेंडरचा सारा व्यवसाय १ कोटी ३० लाख डॉलरला विकत घेतला. हे शेवटचे वर्ष बाजाराने सीमारेषा मानली आहे. तिच्या आधीची वाद्ये 'सीबीएसपूर्व' म्हणून विकली जातात आणि त्यांची किंमत सत्तरच्या दशकातील वाद्यांच्या कित्येक पट असते. सत्तरच्या दशकातील नग बहुधा जड असतात, त्यांच्यावर पॉलिएस्टरचा जाड थर असतो आणि नेक (गिटारीची मान) व बॉडीचा सांधा प्रत्येक नगात सारखा घट्ट बसलेला नसतो. या उणिवा खऱ्या आहेत, पण त्या सरसकट नाहीत, आणि म्हणूनच ज्याला वाद्य वाजवण्यासाठी हवे आहे अशा माणसाने याच दशकात शोध घ्यावा असे मला मनापासून वाटते. या दशकात चांगला नग आणि सुमार नग यांच्या किमतींत फारसा फरक नसतो, त्यामुळे नीट पारख करणाऱ्याचा फायदा इथेच होतो.

किमतीचा अंदाज बांधताना मी मागितलेल्या किमती पूर्णपणे बाजूला ठेवल्या. विक्रीच्या संकेतस्थळावर महिनोन्‌महिने तशीच पडून असलेली गिटार आपल्याला एवढेच सांगते की त्या किमतीला ती कोणी घेतली नाही. उपयोगाच्या असतात त्या प्रत्यक्ष झालेल्या विक्रीच्या नोंदी. ईबेवर विकल्या गेलेल्या वस्तू वेगळ्या काढून पाहता येतात आणि रिव्हर्ब या वाद्यांच्या बाजारपेठेवर मॉडेलनिहाय जुने व्यवहार दिसतात. मी १९७७ ते १९७९ या तीन वर्षांच्या, तिरंगी सनबर्स्ट फिनिशच्या (मधे फिकट, कडेला गडद होत जाणाऱ्या रंगाच्या), सर्व भाग मूळ असलेल्या आणि मूळ पेटीसह विकल्या गेलेल्या नगांची यादी करत गेलो, तेव्हा बहुतेक व्यवहार २,४०० ते २,८०० डॉलरच्या दरम्यान पडले. अशा यादीत छायाचित्रे उघडून पाहणे अत्यावश्यक आहे, कारण वर्णनात 'मूळ' असे लिहिलेल्या नगावर नवा ब्रिज (बॉडीवरचा तारा टेकवणारा भाग) किंवा नव्या खुंट्या स्पष्ट दिसतात. दुकानातली किंमत आणखी वेगळी असते. दुकानदाराला जागेचे भाडे, दुरुस्ती आणि परतीची हमी यांचा भार सोसायचा असतो, म्हणून तो सहसा विक्रीच्या किमतीच्या अर्ध्या ते साठ टक्क्यांना माल उचलतो. दुकानातली विक्रीची किंमत अवाजवी नसते, पण खासगी विक्रेत्याने त्याच आकड्याचा आग्रह धरला तर तो मान्य करण्याचे कारण नाही.

प्रत्यक्ष पाहणीला मी पेचकस, छोटा आरसा, विजेरी आणि मल्टिमीटर घेऊन गेलो होतो. पिकगार्ड (बॉडीवरचे पातळ झाकण) काढायची परवानगी फोनवरच मागून ठेवली होती. जो विक्रेता ही परवानगी नाकारतो त्याच्या वाद्याला 'सर्व भाग मूळ' असलेल्या वाद्याची किंमत देऊ नये, हा माझा ठाम नियम आहे. विक्रेत्याच्या जेवणाच्या टेबलावर टॉवेल अंथरून तेरा स्क्रू काढले आणि पिकगार्ड उलटे केले. टोनच्या पॉटच्या (बटणाखालच्या फिरत्या रोधकाच्या) पाठीवर १३७७८११ हा आकडा नीट वाचता आला. पहिले तीन अंक निर्मात्याचे असतात (१३७ म्हणजे सीटीएस), पुढचे दोन सालाचे आणि शेवटचे दोन आठवड्याचे. म्हणजे हा पॉट १९७८च्या अकराव्या आठवड्यातला. शेजारच्या व्हॉल्यूमच्या पॉटवर असा आकडा नव्हता आणि त्यावरचे सोल्डर चकचकीत होते, तर टोनच्या पॉटवरचे सोल्डर राखाडी पडून मलूल झालेले होते. एक पॉट बदललेला आहे हे त्याच क्षणी ठरले. विक्रेत्यालाही ते ठाऊक नव्हते आणि त्याने ते मोकळेपणाने मान्य केले.

पॉटचा आकडा वाद्य त्याच्या आधीचे नाही एवढेच सिद्ध करतो, हे इथे सांगायला हवे. फेंडरने १९६६च्या सुमारास पॉटचा मोठा साठा घेऊन ठेवला होता आणि पुढे काही वर्षे तेच पॉट वापरले, त्यामुळे १९६९च्या गिटारीत १९६६चा पॉट मूळचा असू शकतो. हेडस्टॉकवरच्या (नेकच्या खुंट्यांकडच्या टोकावरच्या) सिरीयल नंबराचेही तसेच आहे. १९७६पासून तो तिथे छापला जाऊ लागला, 'एस' म्हणजे सत्तरचे दशक आणि पुढचा अंक सालाचा. पण एस-९ने सुरू होणारे नंबर १९८१पर्यंतच्या वाद्यांवरही आढळतात. नेकच्या टाचेवरचा (बॉडीला जोडलेल्या टोकावरचा) तारखेचा शिक्का या काळात अनेकदा नसतोच, म्हणून तो नसल्याबद्दल किंमत कमी करून मागणे योग्य नाही. सिरीयल नंबर, पॉट, पिकअप, पिकगार्डचा रंग आणि अंगठा टेकवायच्या पट्टीची जागा यांची एकमेकांशी संगती लागते का, हे पाहायचे. ही पट्टी १९७४मध्ये बारीक तारेच्या बाजूकडून जाड तारेच्या बाजूला गेली. तेव्हा १९७८ची म्हणून सांगितलेल्या वाद्याला पट्टीची भोके खालच्या बाजूला असतील तर बॉडी किंवा पिकगार्ड दुसऱ्या वाद्यावरून आले आहे का, असे विचारायला हवे.

पिकअपची परीक्षा वाद्य न उघडताही होते. जॅकमध्ये वायर लावून, व्हॉल्यूम पूर्ण उघडा ठेवून मल्टिमीटरवर रोध मोजायचा. निरोगी प्रिसिजन पिकअप साधारण १० ते ११ किलोओहम दाखवतो. त्याची दोन वेटोळी एकामागोमाग जोडलेली असल्यामुळे एकातली तार तुटली तरी सारा मार्ग खंडित होतो, आणि मग मीटरवर पॉटचाच म्हणजे २५० किलोओहमच्या आसपासचा आकडा येतो. माझ्या नगाने १०.३ दाखवले. अशा वाद्यात मूळ पिकअप मृत असेल तर तो पुन्हा गुंडाळून घेता येतो, पण संग्राहकाच्या लेखी मूल्य घटते ते घटतेच.

रंग ही सर्वांत महाग बाब आहे. पुन्हा रंगवलेल्या वाद्याची किंमत मूळ रंगाच्या वाद्याच्या जवळपास निम्मी धरण्याचा प्रघात आहे, मग नवे काम कितीही देखणे असो. पिकअपसाठी बॉडीत नवा खड्डा खोदला असेल तरीही घट मोठी होते, आणि सत्तर-ऐंशीच्या दशकांत प्रिसिजनला जॅझचा दुसरा पिकअप बसवण्याची पद्धत असल्यामुळे असे नग पुष्कळ फिरतात. याउलट बदललेला ब्रिज, मूळ ब्रिज पेटीत जपून ठेवला असेल तर, जवळजवळ काहीच नुकसान करत नाही. साठच्या दशकातल्या खास रंगांबाबत तर दुप्पट सावध राहावे. कारखाना त्या काळी अशा रंगासाठी केवळ ५ टक्के जादा घेत असे, आज मात्र त्या रंगामुळे किमतीत पडणारी भर इतकी मोठी असते की साध्या सनबर्स्टवर खास रंग चढवून फसवण्याचा मोह अनेकांना होतो. माझ्या वाद्याच्या पिकगार्डखालचा सनबर्स्ट उजेड न लागल्यामुळे बाहेरच्यापेक्षा गडद होता आणि नेकच्या खाचेतही वरून रंग दिल्याचा माग नव्हता.

मग हिशेब केला. मूळ नगाची मध्यम किंमत २,६०० धरली. पहिल्या पाच फ्रेटांवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) तारांच्या खाली खोल खाचा पडल्या होत्या. मेपलच्या फिंगरबोर्डवर (बोटे टेकवायच्या नेकच्या दर्शनी भागावर) लाकर असते आणि फ्रेट बदलल्यावर ते पुन्हा द्यावे लागते, म्हणून रोझवुडपेक्षा हे काम महाग पडते. सौदा ठरण्याआधीच माझ्या भागातल्या कारागिराला छायाचित्रे पाठवून अंदाज घेतला होता, तो ४५० डॉलर होता. बदललेल्या पॉटचे ६०, मूळ पेटी नसल्याचे १५० आणि वजनाचे १०० वजा केले. उरले १,८४०. न्यू जर्सीत संकेतस्थळावरून घेतले असते तर ६.६२५ टक्के विक्रीकर आणि पार्सलचा खर्च वर बसला असता, तो वाचत होता, शिवाय वाद्य हातात घेऊन वाजवून पाहता आले होते. म्हणून २,०००पर्यंत जायला मी तयार होतो. विक्रेत्याने २,६०० मागितले होते. मी घासाघीस न करता हाच कागद त्याच्यापुढे ठेवला, त्याने तो शांतपणे वाचला, पेटीच्या मुद्द्यावर थोडी चर्चा झाली आणि २,०००वर व्यवहार झाला. अशा कागदाने विक्रेत्याचा अपमान होत नाही, कारण प्रत्येक वजावटीचे कारण त्याला स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येते.

आता वापराबद्दल. फ्रेटांची वजावट किती आवश्यक होती हे पहिल्याच महिन्यात कळले, कारण खालच्या स्वरांवर तार खरखरत होती आणि तारांची उंची कितीही वाढवली तरी ती खरखर पूर्ण जात नव्हती. वसंतात फ्रेट बदलून घेतले आणि खर्च ४७० डॉलर आला. त्यानंतर वाद्य अक्षरशः मोकळे झाले. नेक मात्र सुरुवातीपासून उत्तम आहे. हिवाळ्यात घरातल्या हीटिंगमुळे हवा कोरडी होते तेव्हा ट्रस रॉड (नेकचा बाक सांभाळणारी आतली धातूची कांब) पाव फेरा सैल करावा लागला आणि उन्हाळ्यात तेवढाच घट्ट. या काळातल्या प्रिसिजनवर ट्रस रॉडचा नट नेकच्या टाचेकडे असतो, त्यामुळे दर वेळी नेकचे स्क्रू ढिले करावे लागतात. हे कटकटीचे काम आहे, पण रॉडला दोन्ही दिशांना फिरायला वाव आहे ही त्याहून मोठी गोष्ट. रॉड शेवटपर्यंत आवळलेला आणि नेक तरीही वाकलेला असता तर मी हे वाद्य कोणत्याही किमतीला घेतले नसते.

बारीक तारेवर सहाव्या फ्रेटच्या आसपास एक स्वर इतरांपेक्षा लवकर विझतो. फेंडरच्या बहुतेक बास गिटारींत, नव्यांतसुद्धा, या भागात असे ठिकाण आढळते, म्हणून त्यासाठी मी पैसे कापले नव्हते आणि आजही कापणार नाही. वजनाची वजावट मात्र पूर्णपणे वसूल झाली. साडेचार किलोंहून जास्त वजन तीन तास खांद्यावर घेऊन उभे राहायचे तर रुंद चामडी पट्टा लागतोच, आणि पाठीचे दुखणे असलेल्या वादकाने असा नग घेऊच नये.

आवाजाने मला मनापासून आनंद दिला आहे. गणेशोत्सवाच्या कार्यक्रमात ढोलकीच्या डाव्या बाजूचा घुमारा आणि बासचे खालचे स्वर एकमेकांत मिसळून गढूळ होतात, हा आमचा जुना अनुभव होता. या वाद्यावर सपाट गुंडाळीच्या तारा लावून टोन अर्ध्यावर ठेवला की स्वराचा आरंभ स्पष्ट राहतो आणि पुढची आस लवकर आवरते, त्यामुळे ढोलकीला तिची जागा मिळते. रंगमंचावरच्या दिव्यांच्या डिमरमुळे शेजारच्या जॅझ बासमध्ये गुणगुण येते, ती इथे येत नाही, कारण या पिकअपची दोन वेटोळी ती परस्पर रद्द करतात.

भारतात राहणाऱ्या वाचकांनी जपानी वाद्यांचा विचार जरूर करावा. मात्सुमोतो येथील फुजिगेनने १९८२ ते १९८४ या काळात केलेली 'जेव्ही' नंबरांची फेंडर आणि स्क्वायर वाद्ये बांधणीत सीबीएस काळातल्या अनेक अमेरिकन नगांपेक्षा नेटकी आहेत आणि त्यांच्या किमतीही अजून आवाक्यात आहेत. परदेशातून वाद्य आणताना फिंगरबोर्डचे लाकूड आधी पाहावे. ब्राझिलियन रोझवुड १९९२पासून साइट्स या दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे आणि कागदपत्रांशिवाय सीमा ओलांडू शकत नाही. साठच्या दशकाच्या मध्यानंतर फेंडरने वापरलेले भारतीय रोझवुड म्हणजे आपल्या सह्याद्रीतला शिसवच. २०१७मध्ये त्यावरही निर्बंध आले होते, पण २०१९च्या अखेरीस तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. मेपलच्या फिंगरबोर्डला यातले काहीच लागू नाही.

फ्रेटांचे काम धरून माझा एकूण खर्च २,४७० डॉलर झाला आणि विम्यासाठी अलीकडे करून घेतलेल्या मूल्यांकनात २,५०० हा आकडा आला. मूल्यांकन करणाऱ्याने नव्या फ्रेटांसाठी काहीही कापले नाही. पॉटच्या आकड्यांची, नेकच्या खाचेची आणि पिकगार्डखालच्या रंगाची छायाचित्रे, कारागिराचे बिल आणि विक्रेत्याने हाताने लिहून दिलेली पावती असे सगळे कागद मी एका पाकिटात पेटीतच ठेवले आहेत. पुढेमागे हे वाद्य विकायची वेळ आली तर घेणाऱ्याने पिकगार्ड उघडावे, अशी माझीच त्याला विनंती असेल.