एक पिक्सेलची खिडकी: चित्र जुळवायचं की आकडे?

क्यूटमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमच्या खिडक्या बनवण्याच्या लायब्ररीत, स्वतःची विजेट्स (बटण, यादी असे खिडकीतले घटक) लिहिणाऱ्याला हे कधी ना कधी ठरवावंच लागतं. खिडकी १ पिक्सेलपर्यंत दाबली किंवा ३०,००० पर्यंत ताणली तर काही मोडतंय का, हे प्रत्येक बिल्डला, म्हणजे प्रोग्रॅम नव्याने बांधला की दरवेळी, तपासायचं कसं? मी आधी जपून ठेवलेल्या संदर्भचित्रांशी स्क्रीनशॉट जुळवत होतो. आता प्रत्येक विजेटची जागा, रुंदी नि उंची फाइलमध्ये उतरवून कालच्या फाइलशी ताडतो.

फॉन्टचं पॅकेज बदललं की सगळे स्क्रीनशॉट लाल होतात, म्हणजे टेस्ट नापास होतात, हे रडगाणं जुनंच. जीटीके या क्यूटसारख्याच लायब्ररीच्या रेफटेस्टमध्ये (चित्रं जुळवणाऱ्या टेस्टमध्ये) त्यावर छान तोड आहे: तोच देखावा खिडकीची मांडणी लिहिलेल्या दोन वेगळ्या यूआय फाइलींतून एकाच मशीनवर काढायचा आणि ती दोन चित्रं जुळवायची. फॉन्टचा फरक आपोआप गळतो. त्यामुळे नुसत्या फॉन्टपायी मी चित्रं सोडली नसती.

सोडली ती वेगळ्याच कारणाने. आमची ‘१ बाय १’ नावाची टेस्ट कित्येक महिने हिरवीगार होती. पण लेआउट (विजेट्सची आपोआप मांडणी) असलेल्या खिडकीला क्यूट आपणहून किमान माप लावतं. तुम्ही रिसाइझ(१, १) म्हणा, ती त्या मापाशी थांबते, आणि कुरकुरही करत नाही. पहिलं संदर्भचित्र त्याच मापाचं निघालं. मग रोज चूक चुकीशी तंतोतंत जुळत राहिली! खिडकीला मिळणारं हे कवच आत बसवलेल्या विजेटला मात्र नसतं. एका ग्राहकाकडे आमचं विजेट दुसऱ्या खिडकीत शून्य रुंदीपर्यंत दाबलं गेलं, रुंदीतून पॅडिंग (कडेची मोकळी जागा) वजा होऊन ऋण आकडा आला आणि प्रोग्रॅम कोसळला.

चित्रातही हे दिसायला हवं होतं, मान्य. पण रिपोर्टमधली थंबनेल्स (छोटी चित्रं) सगळी एकाच आकाराची. आकड्यांची फाइल काढली, तर ‘१ बाय १’ च्या खाली पहिल्याच ओळीत १८४ बाय ६२. लेआउटचं बंधन ‘सेट-नो-कन्स्ट्रेंट’ने काढल्यावर खरी टेस्ट सुरू झाली.

मोठ्या टोकालाही आकडेच परवडतात. लिनक्सवर खिडक्या दाखवणाऱ्या एक्स११ मध्ये खिडकीची जागा १६ बिटांत (ऋण-धन चिन्हासह) मोजतात, म्हणून ३२,७६७ च्या आसपास चाचपणं भाग आहे. दोन्ही बाजू तेवढ्या ताणल्या तर एका चित्रालाच सुमारे ४ जीबी मेमरी लागते.

आकडे आंधळे असतात, हेही खरं. चौकट जागेवर आहे पण बाण अक्षरांवर चढलाय, हे त्यांना कळत नाही. त्यासाठी साध्या मापांचे सात-आठ स्क्रीनशॉट मी अजून ठेवलेत. तुमचं काम आलेख किंवा नकाशे रंगवण्याचं असेल, तर कदाचित तुमचा कौल चित्रांकडे जाईल. तसं असलं तरी चित्र काढण्याआधी खिडकीची प्रत्यक्ष रुंदी-उंची तपासणारी एक ओळ तेवढी घाला.