एमआयटी ओपनकोर्सवेअर: व्याख्यानांपेक्षा गृहपाठ मोलाचा

अमेरिकेतील एमआयटी (मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी) या विद्यापीठाने आपल्या अभ्यासक्रमांचे साहित्य जगासाठी मोफत खुले करण्याचा निर्णय 2001 साली जाहीर केला. त्यातून उभे राहिलेले ‘ओपनकोर्सवेअर’ मी आधी विद्यार्थी म्हणून आणि पुढे शिक्षक म्हणून वापरले. तेथे नावनोंदणी करावी लागत नाही, शुल्क पडत नाही आणि अर्थातच प्रमाणपत्रही मिळत नाही.

माझा मुख्य संबंध आला तो एमआयटीत गणित शिकवलेल्या गिल्बर्ट स्ट्रँग यांच्या लिनिअर अल्जेब्राशी, म्हणजे रेषीय बीजगणिताशी. ही व्याख्याने 1999 साली चित्रित झालेली असल्यामुळे चित्र आजच्या मानाने धूसर दिसते. परंतु खडू आणि फळा यांपलीकडे स्ट्रँग यांना फारसे काही लागतच नसल्याने त्याने अडत नाही. पहिल्याच व्याख्यानात ते 2क्ष − य = 0 आणि −क्ष + 2य = 3 ही साधी समीकरणे घेतात. दोन रेषा (1, 2) या बिंदूत छेदतात हे आपण शाळेतच शिकलेलो असतो. ते दाखवून झाल्यावर मात्र ते हीच समीकरणे उभी वाचतात, म्हणजे क्षचे सहगुणक एका स्तंभात आणि यचे दुसऱ्या स्तंभात धरतात: (2, −1) हा सदिश (व्हेक्टर, म्हणजे बाणाने दाखवता येणारी संख्यांची जोडी) एकदा आणि (−1, 2) हा सदिश दोनदा घेतला, की बेरीज (0, 3) येते. पुढचा बराचसा विषय या उभ्या वाचनावरच उभा आहे, आणि ते ठाऊक नसतानाही मी या विषयात चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झालो होतो, हे येथे कबूल केलेले बरे.

पहिल्या खेपेस मी सलग सहा व्याख्याने मान डोलावत ऐकली आणि गृहपाठाच्या पहिल्याच प्रश्नावर अडकलो. उत्तम शिक्षकाचे ऐकताना आपल्यालाही सारे येत असल्याचा भास होतो. तो मोडण्याचे काम या संकेतस्थळावरील प्रश्नसंच आणि जुन्या परीक्षांचे पेपर करतात. म्हणून स्वतःहून शिकणाऱ्याने याच अभ्यासक्रमाची स्वयंअध्ययनासाठी रचलेली आवृत्ती घ्यावी. तीत साहाय्यक शिक्षक उदाहरणे सोडवून दाखवतात आणि प्रश्नांची उत्तरेही दिलेली आहेत.

सगळेच अभ्यासक्रम इतके भरलेले नाहीत. कित्येकांत चित्रफितीच नाहीत, काहींत वाचनयादी आणि थोड्याफार टिपणांपलीकडे विशेष काही सापडत नाही. त्यामुळे सुरुवात करण्यापूर्वी आत काय आहे ते पाहून घ्यावे. तसेच शंका विचारण्याची किंवा उत्तर तपासून घेण्याची सोय नसल्यामुळे सोबत एखादा सहाध्यायी असलेला बरा.

शिक्षकांच्या दृष्टीने परवाना महत्त्वाचा आहे. श्रेय दिले, व्यापारी वापर टाळला आणि तयार झालेले साहित्य त्याच अटींवर खुले ठेवले, तर सर्वसाधारणपणे टिपणांचे भाषांतर करून ती वर्गात वाटता येतात. चित्रफिती उतरवून ठेवता येत असल्याने वर्गात इंटरनेट नसले तरी चालते. मात्र अख्खे व्याख्यान लावून आपण बाजूला बसण्याचा प्रयोग करू नये. मी केला, आणि पंधराव्या मिनिटाला निम्मा वर्ग पेंगत होता. आता मी ती दोन समीकरणे फळ्यावर येईपर्यंतच चित्रफीत चालवतो, तेथे थांबवून आलेखाचे कागद वाटतो, आणि प्रत्येकाने आपले सदिश काढून (0, 3) गाठल्यावरच पुढचा भाग लावतो.