निळा शिक्का, तपकिरी शिक्का की काळा गरुड?

अमेरिकेची जुनी 'सिल्व्हर सर्टिफिकेट' नोट संग्रहात हवी आहे, पण बजेट एकाच नोटेचं आहे. अशा वेळी निवड बहुधा तीन नोटांत होते: १९५७ची निळ्या शिक्क्याची, १९३५ए मालिकेतली 'हवाई' आणि १८९९ची 'ब्लॅक ईगल'. तिन्ही एक डॉलरच्याच. नोटेवर चांदी देण्याचं वचन छापलेलं आहे म्हणून हुरळून जाऊ नका. २४ जून १९६८नंतर तिच्या बदल्यात चांदी मिळणं बंद झालं. बँकेत तिचा आजही एकच डॉलर येईल. वरचे पैसे मोजतो तो संग्राहक.

१९५७ची नोट ओळखायला सोपी. वॉशिंग्टनचं चित्र, शिक्का आणि नंबर निळे, आणि मागच्या बाजूला 'इन गॉड वुई ट्रस्ट' हे वाक्य, जे डॉलरच्या नोटेवर याच मालिकेत पहिल्यांदा आलं. कोणी 'दुर्मिळ' म्हणून हजार रुपये सांगितले तर हसून पुढे चला. या नोटा ढिगाने छापल्या गेल्या. हाताळलेली नोट साधारण दोन डॉलरला मिळते, कोरी करकरीत असली तर थोडी जास्त. नंबराआधी तारा असेल तर ती छपाईत बिघडलेल्या नोटेच्या जागी आलेली. आपल्या रिझर्व्ह बँकेच्या तारा असलेल्या नोटांसारखाच प्रकार. मात्र १९५७च्या ताऱ्यानेही भाव फारसा चढत नाही.

'हवाई'ची गोष्टच वेगळी. पर्ल हार्बरवरच्या हल्ल्यानंतर जपानी सैन्य हवाई बेटांवर उतरलं तर तिथले डॉलर त्यांच्या हाती पडतील, ही भीती होती. म्हणून १९४२मध्ये बेटांसाठी वेगळ्या नोटा काढल्या, म्हणजे वेळ आली तर तेवढ्याच रद्द करता येतील. मागे घेतलेल्या नेहमीच्या नोटा परत मुख्य भूमीवर नेणं जोखमीचं, म्हणून त्या तिथल्याच स्मशानभट्टीत आणि साखर कारखान्याच्या भट्टीत जाळल्या! या नोटेचा शिक्का आणि नंबर दोन्ही तपकिरी, पुढे दोन्ही कडांना उभं 'HAWAII', मागे तेच मोठ्या पोकळ अक्षरांत. 'HAWAII' आहे पण शिक्का निळा, अशी नोट दिसली तर हात लावू नका. वापरलेल्या नोटेला काही डझन डॉलर पडतात. उत्तर आफ्रिकेतल्या अमेरिकी सैनिकांसाठी काढलेली पिवळ्या शिक्क्याची नोट हिचीच बहीण. पण तिथे निळा शिक्का रसायनाने पिवळा करण्याची लबाडी चालते, त्यामुळे नंबर छापील यादीशी ताडून पाहिल्याशिवाय घेऊ नये.

'ब्लॅक ईगल' आजच्या डॉलरपेक्षा बरीच मोठी. मधोमध पंख पसरलेला गरुड, खाली लिंकन आणि ग्रँट. दिसायला तिघींत हीच देखणी, आणि बऱ्या अवस्थेत शंभर डॉलरच्या आसपास किंवा वर जाते. तिच्या काळाशी आपलाही एक धागा आहे. १९१८च्या पिटमन कायद्याने अमेरिकेने सुमारे २७ कोटी चांदीचे डॉलर वितळवले आणि त्यातली बहुतेक चांदी ब्रिटनला विकली, ती भारतात रुपये पाडण्यासाठी. त्या डॉलरांच्या आधारावर काढलेल्या तेवढ्या सिल्व्हर सर्टिफिकेट नोटा चलनातून काढाव्या लागल्या.

तिन्हींच्या भावात सगळा फरक पडतो तो अवस्थेने. नोट उजेडासमोर धरा: टाचणीची भोकं, घडीवरची चीर, चिकटपट्टी दिसते का पाहा. धुऊन इस्त्री केलेली नोट गुळगुळीत दिसते, पण जाणकार तिला मळक्या नोटेपेक्षाही खाली धरतात. वर्षापुढचं 'ए', 'बी' अक्षर बहुधा सह्या बदलल्याची खूण असते, दुर्मिळतेची नव्हे.

मला विचाराल तर 'हवाई' घ्या, आणि एखादी घडी असली तरी चालेल. १९५७ची नोट अमेरिकेतून येणाऱ्या भाच्याला सांगितलीत तरी तो आणून देईल.