फसलेल्या चाचणीचा पंचनामा : प्लेराइट दोन वर्षे वापरल्यानंतर

दादर पश्चिमेला, रानडे रोडच्या गर्दीपासून दोन गल्ल्या आत, आमचे पाच जणांचे कार्यालय आहे. वर्डप्रेस या प्रणालीवर चालणाऱ्या मराठी नियतकालिकांच्या संकेतस्थळांसाठी आम्ही सहा प्लगइनचा, म्हणजे वर्डप्रेसला जास्तीची कामे करायला लावणाऱ्या जोड-भागांचा, एक संच सांभाळतो : वर्गणी, अंकवाचन, शोध, देयके, जाहिराती आणि छापील प्रतीची मागणी. या सहांपैकी कोणते चालू ठेवायचे आणि कोणते बंद, हे प्रत्येक ग्राहक आपल्या सोयीने ठरवतो. हिशेबाने असे ६४ संच होतात आणि वर्डप्रेसची नवी आवृत्ती आली की त्यांतले निदान वापरातले संच तरी पुन्हा तपासावे लागतात. गणपती ते दिवाळी हा आमचा हंगाम, आणि नेमक्या त्याच काळात हाताने तपासणी करायला कोणालाही उसंत नसते. म्हणून दोन वर्षांपूर्वी ही तपासणी आम्ही प्लेराइट या, ब्राउझर आपोआप चालवून संकेतस्थळ तपासणाऱ्या साधनाकडे सोपवली, आणि आता त्याच्याविषयी अनुभवाने काही लिहिता येईल असे वाटते.

प्लेराइट हे मायक्रोसॉफ्टचे मुक्त साधन असून ते जानेवारी २०२०मध्ये प्रथम जाहीर झाले. ते घडवणाऱ्या चमूतील काही जणांनी त्याआधी गूगलमध्ये पपेटिअर हे अशाच प्रकारचे साधन बांधले होते. क्रोमियम (क्रोमचा गाभा), फायरफॉक्स आणि वेबकिट (सफारीचा गाभा) ही तिन्ही ब्राउझर-इंजिने ते एकाच पद्धतीने चालवते, आणि चाचण्या टाइपस्क्रिप्टमध्ये, पायथनमध्ये, जावात किंवा डॉट नेटमध्ये लिहिता येतात. परवाना अपाचे २.० असल्यामुळे परवान्यापोटी एक रुपयाही खर्च होत नाही. खर्च होतो तो चाचण्या चालवणाऱ्या भाड्याच्या यंत्रांच्या मिनिटांवर. वर्डप्रेसमध्ये लेख लिहिण्याचा जो गुटेनबर्ग हा संपादक-पडदा आहे, त्याच्या चाचण्याही पपेटिअर सोडून याच साधनाकडे आल्या असल्याने प्लगइन लिहिणाऱ्यांसाठी मदतीची तयार फंक्शने उपलब्ध आहेत. आम्ही निवड केली तेव्हा या कारणाचे वजन बाकी सर्व कारणांपेक्षा जास्त होते.

चाचण्या चालवण्याविषयी फार लिहिण्याची गरज नाही, कारण हा भाग खरोखरच सुरळीत आहे. बटण दिसत आहे का, जागेवर स्थिर आहे का, त्याच्यावर दुसरे काही आडवे आलेले नाही ना आणि ते दाबण्याजोगे आहे का, हे साधन स्वतः पाहते आणि मगच क्लिक करते. त्यामुळे जुन्या चाचण्यांमध्ये जागोजागी पेरलेले ‘तीन सेकंद थांब’ हे नवस काढून टाकता आले. मूळ मुदती एका चाचणीला ३० सेकंद आणि एका अपेक्षेला (पानावर अमुक दिसायला हवे, या तपासणीला) ५ सेकंद अशा आहेत, आणि त्या आम्ही तशाच ठेवल्या. एकच बदल आवश्यक ठरला. प्लेराइट आपणहून यंत्राच्या प्रोसेसरमध्ये जितके कोअर असतील त्यांच्या निम्मे वर्कर, म्हणजे एकाच वेळी चाचण्या चालवणारे कामकरी, उभे करते, परंतु आमच्या सर्व चाचण्या एकाच वर्डप्रेसवर आणि एकाच डेटाबेसवर चालत असल्याने एका वर्करने वर्गणीदार निर्माण करावा आणि दुसऱ्याने तो पुसावा, असा खो-खो सुरू झाला. आम्ही वर्कर एकच ठेवला आणि वेळ वाचवण्यासाठी चाचण्यांचे चार भाग करून ते चार वेगळ्या यंत्रांवर वाटले. प्रत्येक यंत्रावर स्वतंत्र वर्डप्रेस असल्यामुळे भांडण मिटले.

या साधनाची खरी किंमत चाचणी फसल्यावर कळते. फसलेल्या चाचणीमागे ते ‘ट्रेस’ नावाची एक झिप फाइल ठेवते, आणि तिला पंचनामा म्हणण्याइतकी ती तपशीलवार असते. प्रत्येक कृतीच्या आधी आणि नंतर पान कसे होते, त्या वेळी सर्व्हरकडे कोणत्या विनंत्या गेल्या, उत्तरे काय आली, ब्राउझरच्या कन्सोलवर (चुका आणि सूचना नोंदवणाऱ्या खिडकीत) काय उमटले आणि त्या क्षणी चाचणीची कोणती ओळ चालू होती, हे सर्व एका कालरेषेवर मागे-पुढे सरकवून पाहता येते. पानाची नोंद केवळ छायाचित्र म्हणून न ठेवता जिवंत रचना म्हणून ठेवलेली असते, त्यामुळे लपलेला घटकही ब्राउझरच्या तपासणी-खिडकीतून उघडून पाहता येतो. गेल्या जुलैमध्ये पावसाने गाड्या बंद पडल्या, तेव्हा आमची एक सहकारी बदलापूरला घरीच अडकली होती आणि तिच्या घरच्या लॅपटॉपवर ना डॉकर (चाचणीचे वर्डप्रेस ज्यात उभे करतो ते साधन) होते ना आमचे वर्डप्रेस. तिने केवळ ती झिप फाइल ब्राउझरमधल्या ट्रेस-दर्शकात टाकली आणि जाहिरातीची पट्टी ‘पैसे भरा’ या बटणावर येऊन बसते हे अर्ध्या तासात दाखवून दिले. फाइल तिथे टाकली तरी ती बाहेर कुठे पाठवली जात नाही, आपल्या ब्राउझरमध्येच उघडते. मात्र ट्रेसमध्ये कुकी आणि टंकलेली माहितीही असते, तेव्हा ती ग्राहकाला ईमेलने पाठवण्याआधी दहादा विचार करावा.

सर्वांत लांबलेली चौकशी वर्गणीच्या प्लगइनची होती. पहाटे ३ वाजता चालणाऱ्या फेरीत एक चाचणी नेमाने फसायची आणि सकाळी दहाला कार्यालयात कोणीही चालवली की नेमाने उत्तीर्ण व्हायची. तीच चाचणी पुन्हापुन्हा चालवण्याचा पर्याय प्लेराइटमध्ये आहे. त्याने आम्ही ती दुपारी ५० वेळा चालवली, तरी ती एकदाही फसली नाही, आणि साहजिकच सर्वांनी भाड्याच्या यंत्राला दोष दिला. ट्रेस शांतपणे पाहिल्यावर मात्र कळले की वर्गणी भरल्यानंतर पानावर ‘आपली वर्गणी आजपासून सुरू’ असे यायला हवे होते, तिथे ‘कालपासून सुरू’ असे आले होते, आणि सर्व्हरच्या उत्तरात खरोखरच आदल्या दिवसाची तारीख होती. वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलेले आहे त्या पीएचपीचे घड्याळ ते यूटीसीवर, म्हणजे भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेवर, ठेवते. आमच्या प्लगइनने तारखेसाठी पीएचपीचे साधे फंक्शन वापरले होते, आणि ब्राउझर मात्र चाचणीच्या मांडणीनुसार भारतीय वेळेवर होता. मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत या दोन घड्याळांचे दिवस वेगळे असतात, आणि बाकीचे साडेअठरा तास ते जुळतात. म्हणजे चाचणी लहरी नव्हती, ती बिचारी खरे बोलत होती. रात्री एक वाजता वर्गणी भरणाऱ्या खऱ्या वाचकांचाही एक दिवस आम्ही खात होतो. संकेतस्थळाच्या वेळेप्रमाणे तारीख देणारे फंक्शन वर्डप्रेसमध्ये २०१९च्या ५.३ आवृत्तीपासून आहे, ते वापरले आणि ओळ दुरुस्त झाली.

या प्रकरणाने माझे एक मत पक्के केले. फसलेली चाचणी आपोआप पुन्हा चालवण्याची सोय प्लेराइटमध्ये आहे, आणि दुसऱ्या खेपेला ती उत्तीर्ण झाली तर अहवालात ती ‘फ्लेकी’ या वेगळ्या रकान्यात जाते, पण एकूण निकाल हिरवाच राहतो. मांडणीत एक आकडा लिहिला की ही सोय सुरू होते, आणि तोच तिचा धोका आहे. पुनर्प्रयत्नाने हिरव्या झालेल्या निकालाकडे दिवाळीच्या तोंडावर कोण पाहणार ? आमची वर्गणीची चूक एखाद्या फेरीत साडेपाचच्या काठावर आली असती, तर पहिल्या खेपेला फसून दुसऱ्या खेपेला सुटली असती आणि कायमची झाकली गेली असती. म्हणून आम्ही पुनर्प्रयत्न शून्यावर ठेवले आणि ट्रेस फक्त अपयशाच्या वेळी जपण्याचा पर्याय निवडला. शिफारस केलेली रूढ पद्धत पहिल्या पुनर्प्रयत्नाच्या वेळी ट्रेस घेण्याची आहे, पण मग जी खेप फसली तिचा पंचनामा हाती येत नाही, पुढच्या खेपेचा येतो.

पंचनाम्यालाही एक आंधळी बाजू आहे, आणि प्लगइन लिहिणाऱ्यांनी ती आधीच ओळखावी. प्लेराइट ब्राउझरच्या डोळ्यांनी पाहते, पीएचपीच्या आत काय घडले हे त्याला दिसत नाही. सहाही प्लगइन स्वतंत्रपणे उत्तीर्ण होत असताना एकत्र चालवल्यावर नापास होत होते, तेव्हा ट्रेसमध्ये केवळ पांढरे पान आणि ‘घटक सापडला नाही’ एवढेच दिसत होते. खरे कारण सर्व्हरच्या डीबग नोंदीत, म्हणजे सर्व्हर आपल्या चुका लिहून ठेवतो त्या फाइलीत, होते. वर्डप्रेस चालू प्लगइनची यादी नावांच्या क्रमाने लावून त्याच क्रमाने त्यांच्या फाइली वाचते. आम्ही देयकांच्या प्लगइनच्या फोल्डरचे नाव बदलल्यामुळे ते यादीत वर सरकले आणि अजून वाचल्याच न गेलेल्या वर्गणीच्या प्लगइनमधले फंक्शन मागू लागले. सर्व प्लगइन वाचून झाल्याची सूचना येईपर्यंत थांबणे, हा त्यावरचा जुना आणि साधा उपाय आहे. तो आम्हाला माहीत होता, तरी पाळला नव्हता. तेव्हापासून प्रत्येक फसलेल्या चाचणीच्या अहवालाला आम्ही सर्व्हरची डीबग नोंद जोडतो. हे काम प्लेराइट स्वतःहून करत नाही, पण फाइल जोडण्याची सोय देते, आणि दहा ओळींत ते जमते.

आतल्या हिशेबांसाठी पीएचपीयुनिट (ब्राउझर न उघडता थेट पीएचपीचा कोड तपासणारे साधन) लागतेच, ते या परीक्षणाचा विषय नाही. तरी एक खूण सांगून ठेवतो : वर्डप्रेसची चाचणी-चौकट प्रत्येक चाचणीनंतर डेटाबेस पूर्वस्थितीत आणता यावा म्हणून नवे टेबल तात्पुरत्या स्वरूपाचे बनवते, आणि तात्पुरती टेबले मायएसक्यूएलच्या टेबलांच्या यादीत दिसत नाहीत. आपले टेबल तयारच झाले नाही अशा समजुतीने आमच्यातल्या एकाने एक अख्खी संध्याकाळ घालवली होती.

मराठी संकेतस्थळांच्या चाचण्यांत येणाऱ्या काही अडचणी कोणत्याही मार्गदर्शिकेत सापडत नाहीत. मजकुरावरून घटक शोधताना प्लेराइट अंशतः जुळणी करते, त्यामुळे ‘वर्गणी’ शोधले की ‘वर्गणीदार’ही सापडतो आणि एकाहून अधिक घटक जुळल्यामुळे चाचणी थांबते. नेमकी जुळणी मागण्याचा पर्याय मराठीत जवळजवळ प्रत्येक ठिकाणी लिहावा लागतो, कारण आपले प्रत्यय शब्दाला चिकटून येतात. ब्राउझरला मराठी भाषा सांगितली की जावास्क्रिप्टचे अंक-रूपांतर देवनागरी अंक देते, आणि इंग्रजी अंकांत लिहिलेली अपेक्षित रक्कम ‘१,२००’ पुढे हरते. ‘वाऱ्यावर’ या शब्दातला ऱ्य दोन वेगवेगळ्या वर्णक्रमांनी टंकता येतो, डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, आणि शोधाची चाचणी तुमच्या कळफलकावर उत्तीर्ण होऊन शेजाऱ्याच्या कळफलकावर नापास होते. लेखाच्या पत्त्याची गोष्ट तर फार मजेची आहे. वर्डप्रेसमध्ये पत्त्याच्या त्या भागाला २०० अक्षरांची मर्यादा आहे, आणि देवनागरीचा प्रत्येक वर्ण किंवा मात्रा सांकेतिक रूपात ९ अक्षरे खाते, म्हणून २२ वर्ण-मात्रांनंतर शीर्षक छाटले जाते. दिवाळी अंकांतल्या लेखांची शीर्षके किती लांब असतात हे वाचकांना सांगायला नको. या सर्व ठिकाणी प्लेराइटचा दोष नाही, पण ट्रेसमध्ये खरा मजकूर हाताशी असल्यामुळेच या गोष्टी दिवसांऐवजी मिनिटांत उलगडल्या, हे त्याच्या बाजूने नोंदवायला हवे.

तक्रारीही आहेत. तिन्ही इंजिने आणि डॉकरमधले वर्डप्रेस एकत्र चालवायला ८ जीबी मेमरीचा लॅपटॉप अपुरा पडतो, त्यामुळे नव्या उमेदवाराला पहिल्याच दिवशी पूर्ण संच चालवायला सांगण्याची सोय नाही. चित्रांची तुलना करणाऱ्या चाचण्यांसाठी प्रत्येक कार्यप्रणालीची वेगळी मूळ चित्रे ठेवावी लागतात, आणि देवनागरी फॉन्ट नसलेल्या लिनक्स यंत्रावर पहिल्या फेरीत मजकुराऐवजी चौकोन मिळतात. आम्ही नोटोचा देवनागरी फॉन्ट बसवला, पण अखेरीस चित्रांच्या तीन चाचण्या सोडून बाकीच्या काढूनच टाकल्या. आवृत्त्या वारंवार येतात आणि प्रत्येक आवृत्तीबरोबर ब्राउझरही नव्याने उतरवावे लागतात.

ज्यांचा एकच प्लगइन आहे आणि त्यात पडद्यावर फारसे काही दिसत नाही, त्यांनी या फंदात पडू नये, पीएचपीयुनिट त्यांना पुरेसे आहे. ज्यांचे अनेक प्लगइन एकमेकांच्या खांद्यावर उभे आहेत, त्यांना मी प्लेराइट निःशंकपणे सुचवीन, फक्त पहिला आठवडा चाचण्या लिहिण्याऐवजी ट्रेस वाचायला शिकण्यात घालवावा. वेबकिटवर उत्तीर्ण झालेली चाचणी म्हणजे आयफोनवरची सफारी नव्हे, हेही लक्षात असू द्यावे. आमच्याकडे त्यासाठी एक जुना आयफोन आहे. नवी आवृत्ती पाठवण्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्यापैकी जो ठाण्याच्या बाजूला राहतो तो हा फोन घरी नेतो, आणि दादर ते ठाणे या प्रवासात, हलणाऱ्या नेटवर्कवर, अंकाची पाने हाताने उलटून पाहतो.