रेम्ब्राँचा सांगाडा पणजीत छापून घ्यायचा तर

अठरा जून रस्त्याजवळचं हे दुकान एरवी लग्नाचे फोटो आणि देवाच्या तसबिरी फ्रेम करतं. पण पिग्मेंट शाई (रंगकणांची, टिकाऊ) आणि 300 जीएसएमचा (चौरस मीटरला 300 ग्रॅम) सुती कागद इथे मिळतो, म्हणून सतराव्या शतकातल्या मृत्युचित्रांच्या प्रती काढायला जागा बरी. चित्राची डिजिटल फाईल आपणच न्यायची. अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमच्या संकेतस्थळावर मोठ्या आकाराच्या फुकट मिळतात.

खरी कसोटी फ्रेंच चित्रकार जाक कालोच्या 1633 च्या युद्धमालिकेतल्या फाशीच्या झाडाची. कालो तांब्याच्या पत्र्यावर कडक वार्निश देऊन त्यात सुईने रेघा ओढी आणि त्यांवर आम्ल टप्प्याटप्प्याने चढवी; आम्ल जास्त वेळ राहिलेली रेघ खोल आणि जाड छापते. त्यामुळे झाडाखाली ढोलावर फासे टाकणारे शिपाई ठसठशीत, तर मागचे भाले केसाइतके बारीक. इथल्या पहिल्या प्रतीत भाले गायब! दोष शाईचा नव्हे. प्रत्येक फाईलला ‘ऑटो लेव्हल’ (उजेड-अंधार आपोआप जुळवणारी आज्ञा) मारायची सवय नडते: जुन्या कागदाचा पिवळेपणा जातो, त्याबरोबर फिक्या रेषाही. रंगीत फाईल आहे तशीच छापा म्हणून बजावा, आधी पाच सेंटिमीटरची पट्टी काढून घ्या आणि ती दहापट भिंगाखाली पाहा.

रेम्ब्राँचं 1639 चं चित्र म्हणजे उघड्या थडग्यातून वर येणारा सांगाडा आणि समोर नटूनथटून उभं जोडपं, बाईच्या हातात फूल. मूळ आकार उणापुरा 11 बाय 8 सेंटिमीटर. दुकानदार ए-थ्रीचा आग्रह धरतो, ऐकू नका. मोठं केलं की सुईची चपळ रेघ जाड आणि सुस्त होते. मूळ मापात, 600 डीपीआयला (इंचाला 600 ठिपके), उंचीत 2600 पिक्सेल पुरतात.

स्तेफानो देल्ला बेल्लाचा मूल पळवणारा मृत्यू लंबगोलात आहे, पण माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) चौकोनीच घ्या. इथला गोल काप ओबडधोबड येतो. (हा चित्रकार फ्लोरेन्सचा. जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियरच्या समाधीचा चौथरा घडवणारा शिल्पकार फोज्जिनीही तिथलाच.)

फ्रेमिंग मात्र कच्चं. चारी कडांना डबल टेप लावतात. पावसाळ्यात कागद फुगतो, सरकायला जागा नसते, मग लाटा उठतात. गव्हाच्या खळीने जपानी कागदाच्या दोनच पट्ट्या, त्याही वरच्या कडेला, लावायला सांगा. काच कागदाला टेकली की बुरशी धरते, म्हणून माउंट किमान 3 मिलिमीटर जाड हवा. मागे खालच्या कोपऱ्यांना रबरी गुट्टे हवेत, म्हणजे भिंतीची ओल फ्रेमला लागत नाही. सांगितलं तर हे सगळं निमूट करतात, जादा पैसेही फार लावत नाहीत.

चवथीआधीचे पंधरा दिवस टाळा. तेव्हा माउंट कापायला तिथे कुणालाच सवड नसते.