‘कठीण वचने’ : दहा शनिवारांच्या अभ्यासवर्गाविषयी

आमच्या शहरातील एका ख्रिस्ती मंडळीने (चर्चने) गेल्या हिवाळ्यात ‘कठीण वचने’ या नावाचा दहा शनिवारांचा अभ्यासवर्ग चालविला. सायंकाळी साडेपाच ते सात अशी वेळ होती आणि चहा व छापील टिपणांसह शुल्क ₹६०० होते. शिकविणारे पाळकसाहेब सेवानिवृत्त आहेत. बायबलमधील ज्या वचनांपाशी उपदेशक सहसा घाई करतात, नेमक्या त्याच वचनांवर दीड दीड तास बसायचे, एवढीच या वर्गाची कल्पना. मी एकही शनिवार चुकविला नाही. तरीही वर्गाबद्दल माझ्या तक्रारी आहेत, त्या पुढे येतीलच.

पहिल्याच दिवशी माझी फजिती झाली. श्रीमंताने देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा उंटाने सुईच्या नाकातून जाणे सोपे, हे मार्काच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातील येशूचे वचन फळ्यावर लिहून पाळकसाहेबांनी अर्थ विचारला. मी लगेच हात वर केला आणि यरुशलेमेत ‘सुईचे नाक’ नावाचा एक लहान दरवाजा होता, ओझे उतरवून व गुडघे टेकून उंट त्यातून जात असे, हे अनेक वर्षे मंडळीच्या तरुणसंघात सांगत आलेले स्पष्टीकरण त्यांना ऐकविले. त्यांनी शांतपणे पुढची दोन वचने वाचायला सांगितली. शिष्य थक्क होऊन विचारतात की, मग तारण तरी कोणाचे होणार? आणि येशू म्हणतो की, माणसांना हे अशक्य आहे, देवाला नाही. उंट गुडघे टेकून जाऊ शकत असता, तर शिष्यांना थक्क होण्याचे कारणच उरले नसते. अशा दरवाजाचा येशूच्या काळातला कोणताही पुरावा नाही, हे त्यांनी नंतर सांगितले. तोवर मात्र माझा दरवाजा त्या दोन वचनांनीच पाडला होता. सुई ती सुई आणि नेढे ते नेढे. राजगडाचे नेढे नव्हे, असे मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणाले आणि सगळे हसले.

वर्गाची पद्धत यातच आली. आधी अलीकडची आणि पलीकडची वचने, मग बोलणारा कोण व ऐकणारा कोण, आणि त्यानंतरच भाष्यकार. प्रत्येक टिपणात तीन रकाने असतात : उपासनेत वाचले जाणारे मराठी भाषांतर, पंडिता रमाबाईंचे भाषांतर आणि एक आजच्या बोलीतले. रमाबाईंनी इब्री (हिब्रू) व ग्रीक शिकून केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हे काम केले आणि १९२२ मध्ये मृत्यूपूर्वी ते पुरे केले, हे बहुतेकांना ठाऊक असते. पण ते भाषांतर अभ्यासासाठी उघडून बसणारी माणसे मी प्रथमच पाहिली.

सर्वांत भरीव ठरला तो लूकच्या शुभवर्तमानातील १४:२६ या वचनाचा शनिवार. आईबाप, बायको, मुले यांचा द्वेष केल्याशिवाय शिष्य होता येत नाही, हे वाक्य ‘आपल्या बापाचा व आपल्या आईचा मान राख’ म्हणणाऱ्या शास्त्रात बसवायचे कसे? पाळकसाहेब बायबलमधील पहिल्या, ‘उत्पत्ती’ या पुस्तकाच्या एकोणतिसाव्या अध्यायाकडे वळले. तेथे तिसावे वचन सांगते की याकोबाने आपल्या दोन बायकांपैकी लेआपेक्षा राहेलीवर अधिक प्रीती केली, आणि लगेच एकतिसाव्या वचनात लेआसाठी इब्रीतले द्वेषाचेच क्रियापद येते. तेव्हा समोर बसलेल्या एक आजीबाई सहज म्हणाल्या, “म्हणजे आवडती आणि नावडती राणी.” भाष्यकारांना पानभर लागणारी गोष्ट त्यांनी चार शब्दांत सांगितली. मत्तय १०:३७ मध्ये हेच बोलणे ‘माझ्यापेक्षा अधिक प्रीती’ अशा तुलनेच्या रूपात आहे, हे त्यानंतर दाखविण्यात आले.

एवढ्यावर वचन मवाळ करून वर्ग संपविणे सोपे होते. परंतु पाळकसाहेबांनी ख्रिस्ती झालेले कवी नारायण वामन टिळक यांचा विषय काढला. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये. मधल्या काळात उभयतांना जी ताटातूट सोसावी लागली, तिच्यापुढे ‘द्वेष म्हणजे केवळ कमी प्रेम’ हे वाक्य फार गुळगुळीत वाटते. आमच्यापैकी काहींच्या पणजोबांच्या घरीही हेच घडलेले असल्यामुळे त्या दिवशी चहा निवून गेला तरी कोणी उठले नाही.

स्तोत्र १३७ चा तासही चांगला होता. बाबेलच्या (बॅबिलोनच्या) नद्यांकाठी रडणारे हेच स्तोत्र शत्रूच्या तान्ह्या बाळांना खडकावर आपटणाऱ्याला धन्य म्हणून संपते. वसईच्या एक कॅथलिक भगिनी वर्गात होत्या. त्यांच्या प्रार्थनाविधीच्या पुस्तकातून १९७१ पासून ही शेवटची वचने वगळलेली आहेत, असे त्यांनी सांगितले. पाळकसाहेबांना हे वगळणे पटत नाही. ही आज्ञा नसून शहर बेचिराख झालेल्या बंदिवानांनी देवापुढे ओकलेला संताप आहे, आणि आठव्या वचनातील ‘तू आमचे जे केलेस’ हे शब्द पाहता त्यांची स्वतःची बाळे कशी गेली असतील याचाही अंदाज येतो, असे त्यांचे म्हणणे. मला ते पटले, पण हे स्तोत्र संडे स्कूलमध्ये पुरते वाचण्याचे धाडस मला अजून होणार नाही.

आता तक्रारी. टिपणांची झेरॉक्स इतकी बारीक असते की साठीपुढच्या माणसाने भिंग घेऊनच यावे. त्याहून गंभीर बाब म्हणजे १ शमुवेल १५:३ मधील, इस्राएलाच्या शत्रू असलेल्या अमालेकी लोकांच्या संहाराची देवाची आज्ञा शेवटच्या शनिवारी अवघ्या वीस मिनिटांत उरकण्यात आली. त्याच पुस्तकाच्या सत्ताविसाव्या आणि तिसाव्या अध्यायांत अमालेकी पुन्हा भेटतात, म्हणून ‘सर्वांचा नाश’ ही त्या काळच्या युद्धवर्णनांतील अतिशयोक्ती असावी, हे उत्तर मिळाले. उत्तर विचार करण्याजोगे आहे, मात्र त्याने संख्येचा प्रश्न सुटतो, आज्ञेचा नाही. आणि उंटाच्या बाबतीत मला जी पळवाट नाकारली गेली, तिच्याच जातीची ही वाट नाही ना, हे विचारायला वेळच उरला नाही. मी ते अभिप्रायपत्रात लिहून दिले आहे. पुढच्या वर्गात अमालेकाला पूर्ण शनिवार मिळणार असेल, तर मी पुन्हा ₹६०० भरून पहिल्या बाकावर बसेन.